झंपर घट्ट, बांगड्या सैल: एका ‘बायपोलर’ निदानाची फेरतपासणी

(बाईंची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आजार ज्या क्रमाने उलगडत गेला, तो क्रम तसाच ठेवला आहे.)

वय ४७. मंगळवेढा तालुक्यातलं गाव, सहा एकर ज्वारीचं रान, दोन मुलगे, थोरल्याचं लग्न झालेलं. १४ महिन्यांपूर्वी बायपोलर डिसऑर्डरचं, म्हणजे मन आलटून-पालटून उन्माद आणि नैराश्याकडे झुकण्याच्या आजाराचं, निदान झालं होतं. तेव्हापासून व्हॅल्प्रोएट आणि ओलान्झापिन अशा मन स्थिर ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू होत्या. गोळ्या चुकत नव्हत्या, तरी चढउतार थांबत नव्हते, म्हणून त्यांना सोलापूरला माझ्याकडे आणलं. सोबत नवरा, थोरली सून आणि प्लास्टिकच्या पिशवीत जाडजूड फाईल.

हकिगत सुनेनेच सांगितली. “आत्या आठ-आठ दिवस झोपतच न्हाईत मॅडम. रातच्या दोनला उठून शेंगा फोडत बसत्यात. बोलायला लागल्या की थांबायचं नाव न्हाई. मागं बाजारातनं एकदम पाच साड्या आणल्या, सगळ्या उधारीवर. आन् मग एक दिवस असा येतो की उठतच न्हाईत. भाकरी नको, चहा नको, भिंतीकडं तोंड करून पडून.”

मावशी स्वतः त्या दिवशी चढत्या काळात होत्या. डोळ्यांत तेज, तोंडाला विश्रांती नाही, मधेच हसता हसता डोळ्यांत पाणी. सुनेचं वाक्य पुरं होऊ देत नव्हत्या. “मला काय झालंय? मी तर दहा बायांचं काम एकटी करती,” असं तीन वेळा म्हणाल्या.

पुस्तकी निकष लावले तर निदानात काही चूक दिसत नव्हती. झोपेची गरज कमी, बोलणं अखंड, पैशाचं भान सुटलेलं, अंगात न मावणारा उत्साह, हे आठवडाभर टिकलं की त्याला उन्मादाची अवस्था म्हणतात. नंतर नैराश्य, आणि पुन्हा उन्माद. वर्षात चार किंवा जास्त फेऱ्या झाल्या तर त्याला भराभर फिरणारा बायपोलर म्हणतात. मावशींच्या फेऱ्या त्याहून कितीतरी जास्त होत्या. मीही तोच धागा पुढे धरला. ओलान्झापिन वाढवलं, महिन्याने बोलावलं. “आणखी काही औषध चालू आहे का?” असं विचारलं, “न्हाई” असं उत्तर आलं, ते लिहून घेतलं. माझी चूक इथे झाली, आणि पुढच्या चार आठवड्यांत मावशींचं वजन आणखी अडीच किलो वाढलं.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नव्हती. बायपोलर बहुतेकांना ऐन तारुण्यात गाठतो, विशी-पंचविशीच्या आसपास. इथे पहिला झटका ४५ उलटल्यावर आलेला. माहेरी-सासरी कुणाला वेड नाही, आत्महत्या नाही, दारू नाही. त्याआधीची ४५ वर्षं ही बाई घर, रान, बचत गट असं सगळं बिनबोभाट सांभाळत होती. एवढ्या उशिरा पहिल्यांदा उन्माद दिसला, तर मनाच्या आधी शरीराकडे पाहायचं, असं आम्हाला शिकवलेलं असतं. शिकवलेलं असतं, आणि गर्दीच्या ओपीडीत विसरलंही जातं.

दुसरी खटकणारी गोष्ट सुनेच्या बोलण्यात ओझरती येऊन गेली होती. पडून राहण्याच्या दिवसांत मावशींना मळमळायचं, कधी उलटी व्हायची, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, सगळं अंग ठणकायचं. आषाढात तर तीन आठवडे अशी गत झाली. शेवटी तालुक्याच्या गावी नेलं, “बीपी लो आहे” म्हणून सलाईन लावलं आणि दोन दिवसांनी जरा हुशारी आली. नैराश्यात भूक जाते, अंग दुखतं, हे खरं. पण उभं राहिल्यावर रक्तदाब ढासळणं आणि उलट्या होणं हे निव्वळ नैराश्याचं काम नव्हे.

कॅलेंडर

पुढच्या भेटीला येताना रोजची नोंद करून आणा, असं सुनेला सांगितलं होतं. ती म्हणाली, “मी तर आधीपासनंच लिवती की.” आणि पिशवीतून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरची आठ पानं काढली. गुंडाळी केलेली, कडेला हळदीचे डाग. दुधाचे लिटर, सिलेंडर आल्याची तारीख, बचत गटाचा हप्ता, चतुर्थी, आणि मधे निळ्या पेनाने बारीक अक्षरात ‘जागी’ किंवा ‘पडून’.

पानं टेबलावर एकाखाली एक मांडली. चढउतारांना ताल होता, पण तो पाळीचा नव्हता, अमावस्या-पौर्णिमेचाही नव्हता. कधी २० दिवसांची फेरी, कधी ३५, आणि आषाढात ते लांबलचक ‘पडून’. मग त्याच चौकोनांत पेन्सिलीचं एक वेगळं अक्षर दिसलं. नवऱ्याचं. ‘पुडी २५०’. पुढल्या पानावर पुन्हा ‘पुडी २५०’. प्रत्येक पुडीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ‘जागी’. दहा-बारा दिवस तसंच. मग दोन-तीन दिवस कोरे, आणि त्यानंतर ‘पडून’. आषाढाच्या पानावर पेन्सिलीची नोंदच नव्हती.

“हे २५० कसलं?”

“ते व्हय, गुडघ्याचं,” नवरा म्हणाला. “बाजारला एक जण बसतो, त्याच्याकडनं आणतो. लई गुण येतो. आषाढात आम्ही कुणी बाजारला गेलोच न्हाई, तवा राहिली.”

“मी विचारलं होतं ना, दुसरं काही औषध घेता का म्हणून?”

“औषध न्हवं ओ मॅडम. झाडपाल्याची पुडी हाय.”

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या भाषेत औषध म्हणजे दवाखान्यातली गोळी. तिला चिठ्ठी लागते, तिने पित्त होतं, उष्णता होते. पुडी ही वेगळीच गोष्ट. माझा प्रश्न माझ्या भाषेतला होता आणि त्याचं उत्तर त्याच्या भाषेत अगदी बरोबर होतं. तेव्हापासून मी प्रश्न बदलला आहे. गुडघे दुखले की काय करता, दम लागला की काय घेता, झोप नाही आली तर काय, वजन वाढवायला-उतरवायला काही घेतलं का, चेहऱ्याला कुठलं क्रीम लावता, बाजारातून, जत्रेतून, पाहुण्यांकडून काही आणता का. असं एक-एक विचारलं की मगच यादी पुरी होते.

दुखण्यावर ‘लगेच गुण’ देणाऱ्या अशा पुड्यांमध्ये डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड, म्हणजे शरीरातल्या कॉर्टिसॉल या संप्रेरकासारखं काम करणारं औषध, कुटून घातलेलं असतं, हे देशभर पुन्हा पुन्हा आढळलेलं आहे. चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेलं हे औषध गोळीच्या रूपात अगदी स्वस्त असतं, आणि त्याचा गुण खरोखरच विलक्षण असतो. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं, तेव्हा अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालू लागली. त्या कामाला १९५० साली नोबेल मिळालं. अशा रुग्णांची मनं भलतीच उल्हसित होतात, काहींची बिथरतात, हेही सुरुवातीच्या वर्षांतच डॉक्टरांच्या ध्यानात आलं होतं.

पुन्हा तपासणी, यावेळी डोळे उघडे ठेवून

वजन ७४ किलो. वर्षभरात १२ किलो वाढलेलं. HbA1c म्हणजे तीन महिन्यांची साखर ७.८ टक्के, रक्तदाब १५०/९६. हे सगळं फाईलमध्ये आधीपासून होतं, आणि त्याचं खापर ओलान्झापिनवर फोडलेलं होतं. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. ओलान्झापिनने वजन वाढतं, साखरही वाढते. म्हणूनच कुणाला संशय आला नाही. उत्तर आधीच हाताशी असलं की दुसरं कुणी शोधत नाही.

पण वजन कुठे वाढलं होतं? मावशींचा झंपर दंडाखाली, पोटावर घट्ट झाला होता, वरची दोन बटणं लागत नव्हती. चेहरा वाटोळा, गाल लालसर, मानेमागे चरबीचा उंचवटा. आणि हातातल्या बांगड्या मात्र सैल होऊन कोपराकडे घसरत होत्या. “पैल्यांदा साबण लावून चढवाव्या लागायच्या,” त्या म्हणाल्या, “आता आपोआप पडत्यात.” नुसत्या ओलान्झापिनने माणूस सगळीकडून भरतो. मधे सुटायचं आणि हातपाय काटकुळे व्हायचे, हा स्टिरॉइडचा नकाशा.

त्यांना उकिडवं बसून हात न टेकता उठायला सांगितलं. आयुष्यभर रानात खुरपलेली बाई, पण जमिनीला हात लावल्याशिवाय उठता येईना. गुडघ्याच्या दुखण्याने नव्हे, मांड्यांत जोरच नव्हता. रक्तदाबाचा पट्टा सोडला तर दंडावर निळसर ठिपक्यांचं जाळं उमटलं. पोटावर बाळंतपणाचे जुने वण होते, पांढरे, बारीक. आणि त्यांच्या शेजारी बोटाएवढे रुंद जांभळे पट्टे. जुने पांढरे, नवे जांभळे, दोन्ही एकाच पोटावर शेजारी शेजारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला रक्त घेतलं. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी पहाटे सर्वांत जास्त कॉर्टिसॉल तयार करतात, म्हणून वेळ सकाळची. मावशींचं कॉर्टिसॉल आलं १.० मायक्रोग्रॅम. त्या प्रयोगशाळेची खालची मर्यादा ५ होती. ग्रंथीला हुकूम देणारं मेंदूतलं एसीटीएचही तळाला.

निकाल पाहून सून गोंधळली, आणि तिचं गोंधळणं रास्त होतं. चेहरा सांगतोय स्टिरॉइड जास्त, रक्त सांगतंय कमी. पण याच विसंगतीत उत्तर होतं. शरीराच्या आतल्या गाठीमुळे असा चेहरा झाला असता, तर कॉर्टिसॉल वर असतं. इथे स्टिरॉइड बाहेरून येत होतं. ते आयतं मिळतंय म्हणून ग्रंथी काम सोडून झोपी गेल्या होत्या. आणि डेक्सामेथासोन कॉर्टिसॉलच्या चाचणीत जवळजवळ दिसतच नाही.

आता कॅलेंडर पुरतं वाचता आलं. पुडी सुरू झाली की गुडघे मोकळे, भूक दांडगी, झोप गायब, मन उधाणलेलं. पुड्या संपल्या की डेक्सामेथासोनचा अंमल आणखी दीड ते तीन दिवस राहतो, ते मधले कोरे चौकोन. मग बाहेरचं आटलेलं आणि आतल्या ग्रंथी झोपलेल्या. अंग ठणकणं, उलटी, अंधारी, आणि भिंतीकडे तोंड. आषाढातलं ते सलाईन ही नैराश्याची गोष्ट नव्हतीच. ती बाई कॉर्टिसॉलवाचून मरणाच्या दारात जाऊन आली होती.

स्टिरॉइडने मन किती जणांचं बिघडतं, हे मात्रेवर ठरतं. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या बॉस्टनच्या औषध-निरीक्षण प्रकल्पात प्रेडनिसोनच्या रोज ४० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेला १.३ टक्के, ४१ ते ८० ला ४.६ टक्के आणि ८० च्या वर १८.४ टक्के रुग्णांमध्ये मानसिक लक्षणं दिसली होती. दवाखान्यात मात्रा लिहिलेली असते, पुडीत ती विक्रेत्याच्या चिमटीवर ठरते. डेक्सामेथासोनचा पाऊण मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचे ५ मिलिग्रॅम, त्यामुळे चिमूट थोडी मोठी झाली तरी मात्रा कुठल्या कुठे जाते.

बाकीच्या शक्यता चाळल्या नाहीत असं नाही. मावशींची पाळी दीड वर्षापूर्वी गेली होती, आपल्याकडे साधारण याच वयात जाते. आधीच्या डॉक्टरांनीही एकदा “पाळी जातानाचं असेल” असं लिहिलं होतं. त्या काळात चिडचिड, घामाचे लोंढे, तुटक झोप, उदासी येते. पण पाच साड्या उधार घेणारा उन्माद त्यात सहसा बसत नाही. थायरॉइड वाढला तर माणूस असाच अस्वस्थ, बडबडा आणि निद्राहीन होतो, पण वजन उतरतं, आणि यांचा टीएसएच २.८ म्हणजे ठीक होता. बी-१२ ठीक. नैराश्यावरची गोळी कुणी दिली आणि तिने मन उलटं उसळलं, असंही घडतं, पण तशी गोळी फाईलमध्ये नव्हती. गावात काही जण म्हणत होते की देवीचं आहे, अंगात येतं. घरच्यांनी ओटी भरून पाहिली होती. मी त्याला नाही म्हटलं नाही, फक्त पुडीच्या तारखा दाखवल्या.

दुसऱ्या कुणाच्या कॅलेंडरवर ताल वेगळा निघाला असता. पाळीच्या आधीचा आठवडा दर महिन्याला काळा आणि पाळी सुरू झाली की दोन दिवसांत आभाळ स्वच्छ, असं सलग दोन महिने लिहून आलेल्या मुलींना मी बायपोलरच्या गोळ्यांतून सोडवलं आहे. एमआयडीसीत आठवड्याला शिफ्ट बदलणाऱ्या पोरांचा ताल कारखान्याच्या वेळापत्रकाशी जुळतो. इन्सुलिन घेणाऱ्यांचा जेवणाच्या वेळांशी, पिणाऱ्यांचा पगाराच्या तारखेशी. आणि ज्यांचं मन दिवसातून चार वेळा, एका फोनवर, एका टाकलेल्या शब्दावर पालटतं, त्यांचा धागा बहुतेक वेळा नात्यांत आणि जुन्या जखमांत सापडतो. बायपोलरचे चढउतार सहसा दिवसांचे-आठवड्यांचे असतात, तासांचे नव्हेत.

उपचार

निदान कळल्यावर घरच्यांनी पहिलं काय केलं असतं? पुडी चुलीत टाकली असती. तेच सर्वांत घातक. ग्रंथी झोपलेल्या असताना बाहेरचं स्टिरॉइड एकदम तोडलं तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. नवऱ्याला तीन वेळा समजावलं: पुडी बंद, पण तिच्या जागी मोजलेली गोळी त्याच दिवसापासून. फिजिशियन सहकाऱ्यांनी सकाळी प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅमने सुरुवात केली, काही आठवड्यांनी ५, आणि मग मुंगीच्या पावलाने खाली. ताप आला तर मात्रा दुप्पट, उलट्या झाल्या तर थेट दवाखान्यात जाऊन इंजेक्शन. हे एका पुठ्ठ्यावर मराठीत लिहून मावशींच्या बटव्यात ठेवायला दिलं. तिसऱ्या महिन्यात त्यांना खरंच ताप आला. सुनेने पुठ्ठा काढून वाचला आणि मात्रा दुप्पट केली. मला फोन नंतर आला.

मनाच्या गोळ्यांना पहिले सहा आठवडे हात लावला नाही. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, नाहीतर काय कशाने झालं ते कळत नाही. मग ओलान्झापिन हळूहळू कमी करून बंद केलं, त्यानंतर व्हॅल्प्रोएट. (हे वाचून कुणी स्वतःच्या गोळ्या बंद करू नयेत. खऱ्या बायपोलरमध्ये गोळ्या तोडल्या की आजार दुप्पट जोराने उलटतो, हे मी फार जवळून पाहिलं आहे.)

दुसरा महिना अवघड गेला. उन्माद नव्हता, पण मावशी रडायच्या. “मला पहिल्यासारखं काम व्हत न्हाई.” पुडीवर त्यांना जो जोर यायचा, तोच त्यांना स्वतःचा वाटू लागला होता. आता उरलेली ४७ वर्षांची दमलेली बाई त्यांना ओळखीची वाटेना. नैराश्याची गोळी सुरू करावी का, हा विचार मनात आला. केली नाही. दर आठवड्याला फोन केला, सुनेने रोज संध्याकाळी त्यांना पारापर्यंत चालवत नेलं, आणि सातव्या-आठव्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून चुलीपुढे बसून भाकरी थापल्या. तो दिवस सुनेने कॅलेंडरवर लिहिला आहे.

गुडघ्यांचं दुखणं मात्र खरंच होतं आणि ते परत आलं. एक्स-रेत झीज स्पष्ट दिसत होती. मांडीचे व्यायाम, काठी, जमिनीऐवजी पाटावर बसणं, लागलं तर पॅरासिटॅमॉल. यातल्या कशानेही तिसऱ्या दिवशी धावता येत नाही. पुडीशी स्पर्धा करायची तर हे कबूल करूनच करावी लागते, आणि मावशींना मी ते पहिल्याच दिवशी सांगितलं.

सकाळचं कॉर्टिसॉल, आदल्या दिवसाची गोळी घेऊन २४ तास झाल्यावर, पाचव्या महिन्यात ४ आणि नवव्या महिन्यात ११.६ आलं. तेव्हा प्रेडनिसोलोन बंद केलं. वजन ६६, साखर ६.१. पुडी सुटल्याला आता १४ महिने झाले, उन्मादाचा एकही दिवस नाही. तरी त्यांना सहा महिन्यांनी येत राहायला सांगितलं आहे, कारण काही जणांत स्टिरॉइड हे फक्त निमित्त होतं आणि दबलेला बायपोलर त्यामुळे वर येतो. वर्षभराच्या शांततेवर ती शक्यता पुरती खोडता येत नाही.

पुडीत नेमकं काय होतं, हे प्रयोगशाळेतून सिद्ध झालेलं नाही. एक उरलेली पुडी त्यांनी आणली होती. करड्या रंगाची, कडवट वासाची, वर्तमानपत्राच्या कागदात. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार द्या, मी सोबत पत्र देते, असं सांगितलं. नवरा बराच वेळ गप्प बसला. विकणारा शेजारच्या गावचा, पाहुण्यातला. अखेर तक्रार झाली नाही. माझा निष्कर्ष रक्ताच्या अहवालावर, अंगावरच्या खुणांवर आणि कॅलेंडरवर उभा आहे.

मागच्या भेटीत निघताना सून दारातून परत आली. “मॅडम, आत्यांच्या जावेचं बी तोंड असंच वाटोळं झालंय. ती बी त्याच्याकडनंच नेती.” मी म्हटलं, पुडी बंद करू नका म्हणावं, आहे तशी घेऊन आधी इकडे या. त्याला सात आठवडे झाले. सुनेला दोनदा फोन केला. “सांगितलंय,” ती म्हणते, “पण तिचे गुडघे सध्या दुखत न्हाईत.”